सरुबाईची साक्ष

सहा वर्षांत सरुबाई इंदापूरच्या कोर्टात अकरा वेळा गेली आणि अकरा वेळा साक्ष न देता परत आली. कधी आरोपीचा वकील आजारी, कधी जज्जसाहेबांची बदली झालेली, कधी दुसरंच कुठलं प्रकरण लांबलेलं. सकाळी सातची एसटी धरायची, आवारातल्या झाडाखाली फडकं टाकून बसायचं, पुकाऱ्याकडं कान लावायचे. दुपारी तीनच्या सुमाराला कुणीतरी बाहेर येऊन पुढची तारीख सांगायचं. मग पुन्हा स्टँड, पुन्हा एसटी. सोबत सर्जेराव असायचे. त्यांची बायको शकुबाई ट्रॅक्टरखाली सापडून गेली होती, आणि त्या वेळी तिच्याबरोबर एकटी सरुबाईच होती.

दोघींची घरं बारामती-इंदापूर रस्त्याला लागून, भवानीनगरच्या अलीकडं. सरुबाईच्या सासऱ्याच्या काळात माळावर दीडशे मेंढरं होती. पुढं कालव्याचं पाणी वाढलं, ऊस आला, चरायला रान उरलं नाही. मेंढरं विकली गेली आणि तिचा नवरा तात्याबा दोन एकरांत राबू लागला. सर्जेरावांचं घर मूळचं बागायतदाराचं. पण बायकांचं जमायला असला फरक आडवा येत नाही. शकुबाई नवी नवरी म्हणून आली त्या साली सरुबाईला पहिला मुलगा झाला होता. तेव्हापासून पाण्याला, रानात, बाजाराला दोघी बरोबर. सरुबाई सर्जेरावांना दाजी म्हणायची, बहिणीच्या नवऱ्याला म्हणावं तसं.

ते झालं एक्याण्णव सालच्या जानेवारीत. कारखान्याचा सीझन जोरात होता. दोघी जवळच्या ऊसतोडीच्या फडावर वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला, आणायला गेल्या होत्या. जनावरांना दोन दिवस पुरेल एवढा एकेक भारा डोक्यावर घेऊन त्या दिवस मावळताना रस्त्याच्या कडेनं परत निघाल्या. सरुबाई पुढं, शकुबाई मागं. पाठीमागून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला. टेप मोठ्यानं लावलेला होता. काहीतरी धडकल्यासारखा आवाज झाला आणि ट्रॅक्टर तसाच पुढं निघून गेला. सरुबाईनं भारा टाकून मागं बघितलं तेव्हा शकुबाई खडीवर आडवी होती. तिच्या तोंडून शब्दसुद्धा निघाला नाही.

दहावा होईपर्यंत सर्जेरावांच्या दारात माणसं येत होती. येणारा प्रत्येकजण आधी सर्जेरावांजवळ बसायचा आणि मग सरुबाईला विचारायचा, कसं झालं? ती सांगायची. पाहुणे वेगळे, प्रश्न तेच. दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, त्या वेळी काटेवाडीच्या भिमाचा ट्रॅक्टर रस्त्याला होता. आणखी कुणी म्हणालं, तोच तो, लाल मफलरवाला. तिसरा म्हणाला, त्याला सारखं मागं वळून ट्रॉल्या बघायची सवय आहे. सरुबाई ऐकत होती, रडत होती आणि सांगत होती. चौथ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला आला तेव्हा ती म्हणाली, ट्रॅक्टरवर भिमा होता, गळ्यात लाल मफलर होता, पुढं गेल्यावर त्यानं एकदा वळून बघितलं. हवालदारानं लिहून घेतलं, तिनं अंगठा दिला. तिला कुणी पढवलं नव्हतं. बोलताना सगळं डोळ्यांसमोर उभं होतं.

भिमा तेव्हा चोवीस वर्षांचा होता. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. त्याला पकडलं, जामिनावर सोडलं. मालकानं कामावरून काढलं आणि नंतर कुणी त्याच्या हातात ट्रॅक्टर दिला नाही. तो वीटभट्टीवर जाऊ लागला. प्रत्येक तारखेला तोही त्याच एसटीत असायचा. काटेवाडीला तो आधी चढायचा, मग भवानीनगरला हे दोघे. सर्जेराव त्याच्याकडं पाठ करून उभे राहायचे. सरुबाई खिडकीबाहेर बघायची. इंदापूर येईपर्यंत दीड तास कुणी कुणाशी बोलायचं नाही.

अशी सहा वर्षं गेली. सर्जेरावांचे केस पांढरे झाले. त्यांची मुलगी सुप्रिया आई गेली तेव्हा अकरा वर्षांची होती, ती बारामतीला कॉलेजात जाऊ लागली. सरुबाईचे गुडघे धरले. घरून निघताना तात्याबा आताशा विचारायचासुद्धा नाही, कुठं निघालीस म्हणून. हातात पिशवी दिसली की त्याला कळायचं, तारीख आहे.

बारावी तारीख सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीत होती. या वेळी साक्ष नक्की होणार, असं सरकारी वकिलानं सर्जेरावांना सांगितलं होतं. त्याच्या आठवडाभर आधी सरुबाईची सून बाळंतपणाला माहेरी गेली, आणि वैरणीचं काम सरुबाईवर आलं. शकुबाई गेल्यापासून तिनं वाढ्याचा भारा डोक्यावर घेतला नव्हता. मान दुखते असं सांगून तिनं ते काम टाळलं होतं, आणि मान खरंच दुखायची. पण त्या दिवशी दुसरं कुणी नव्हतं. फडातल्या एका बाईनं हात लावून भारा चढवून दिला आणि ती निघाली.

वाढं कपाळावरून खाली लोंबत होतं, दोन्ही गालांना घासत होतं. पायापुढची चार हात वाट तेवढी दिसत होती. मान वळवायची सोय नव्हती. बाजूचं बघायचं तर सगळं अंग फिरवावं लागलं असतं. मागून ट्रॅक्टर आला तशी ती कडेला थांबली. ट्रॅक्टर हळू झाला. वरून कुणीतरी म्हणालं, काय चुलती, घराकडंच का? ती व्हय म्हणाली. ट्रॅक्टर गेला.

घरी भारा टाकून ती पाणी पीत होती तेव्हा तात्याबा म्हणाला, "यशराज आत्ताच येऊन गेला. म्हणला, चुलती रस्त्यात भेटली."

यशराज तिच्या दिराचा मुलगा. तिच्या अंगाखांद्यावर वाढलेला. तिनं त्याला बघितलं नव्हतं, आणि आवाजावरूनही ओळखलं नव्हतं. अजून चांगला उजेड होता.

ती उंबऱ्यावर बसली. चूल पेटवायची वेळ झाली तरी उठली नाही. मग तिनं मुद्दाम ती संध्याकाळ आठवायला घेतली. पहिल्यासारखंच सगळं दिसलं. रस्ता, ट्रॅक्टर, भिमाचं तोंड, लाल मफलर. आणि भारे घेऊन चाललेल्या दोन बायका. पुढची ती स्वतः होती. हिरवं लुगडं, वाकलेली पाठ, टाचेला गुंडाळलेली चिंधी. हे ती आजवर शंभर वेळा बघत आली होती आणि एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं की आपली पाठ आपल्याला कशी दिसेल.

मग खरं आपल्याजवळ काय उरलं आहे, हे ती चाचपू लागली. ट्रॅक्टरचा वारा लागला होता. टेपवर कुणी बाई गात होती, पण गाणं कुठलं ते माहीत नव्हतं. डिझेलचा वास. आणि लांब जाणाऱ्या मागच्या ट्रॉलीतून खाली घासत चाललेला एक ऊस. हे तिनं कुणाला फारसं सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना कोण होता एवढंच पाहिजे होतं.

तिनं तात्याबाला विचारलं, त्या दिवशी घरी आल्यावर मी पहिल्यांदा काय बोलले होते? भिमाचं नाव घेतलं होतं का? तात्याबानं बराच वेळ विचार केला.

"मला न्हाय सांगता यायचं," तो म्हणाला. "तू रडत हुतीस. बाकी त्यानंतर इतक्यांदा ऐकलंय, की पहिलं कुठलं आन् मागलं कुठलं, कायबी कळत न्हाय."

मेंढरांच्या काळात दीडशेतली प्रत्येक मेंढी तो तोंडावरून ओळखायचा. कुठली कुणाची आई, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. त्यालाही हे सांगता येत नव्हतं.

दोन दिवस तिनं कामं केली, पण हातातलं वरचेवर विसरत होती. तिला कंटाळा आला होता, या सगळ्याचाच. आहे ते सांगून मोकळं व्हावं असंही तिला वाटलं. भिमा असेलही. लोक उगाच कशाला नाव घेतील? पण असेलही म्हणणं वेगळं आणि कोर्टात बोट दाखवणं वेगळं. तिसऱ्या दिवशी ती सर्जेरावांकडं गेली.

सर्जेराव ओसरीत बसले होते. भिंतीवर शकुबाईचा फोटो होता. लग्नातल्या फोटोतून तेवढाच कापून मोठा केलेला. सरुबाईनं भाऱ्याचं सांगितलं, यशराजचं सांगितलं. सर्जेरावांनी मधे एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "सहा वर्षं तू मला म्हणत आलीस, मी बघितलाय."

"दाजी, मला दिसत हुता."

"मग आता दिसत न्हाय?"

"आताबी दिसतो. पण तो त्या दिवसाचा हाय का मागनं आलेला, ते कळत न्हाय."

सर्जेरावांच्या आवाजात राग नव्हता. ते फार थकल्यासारखे बोलले. "हे बघ सरुबाई. माझ्यापाशी दुसरं काय हाय? तू बघितलंस एवढ्यावरच मी इतकी वर्षं काढली. तेवढं एक बोल आन् सुटू आपण दोघंबी."

निघताना ती पाया पडल्यासारखी वाकली आणि घरी आली.

तारखेच्या दिवशी पुकारा लगेच झाला. इतकी वर्षं वाट बघून आत जायची वेळ आली तेव्हा तिच्या चपला झाडाखालीच राहिल्या. पिंजऱ्यात उभं राहून तिनं शपथ घेतली. भिमा समोरच्या बाजूला हात बांधून उभा होता. सर्जेराव मागच्या बाकावर होते. सरकारी वकिलानं नाव, गाव, शकुबाईशी ओळख वगैरे विचारलं आणि मग आरोपीला ओळखता का, असं विचारलं.

"वळखते. सा वर्षं एकाच गाडीनं येतोय."

"घटनेच्या दिवशी ट्रॅक्टर कोण चालवत होतं?"

सरुबाईनं कठड्याला धरलं. "डोळं मिटलं की ह्योच दिसतो. पण त्या येळंला मी ह्याला बघितला का, ते मला सांगता येत न्हाय साहेब. डोक्यावर भारा हुता. भाऱ्याखालनं दिसत न्हाय."

सरकारी वकिलानं साक्षीदार फितूर झाल्याचं सांगून साहेबांची परवानगी घेतली आणि तिचा जुना जबाब एकेक वाक्य वाचून विचारायला सुरुवात केली. लाल मफलर, हे सांगितलं होतं का? सांगितलं होतं. वळून बघितलं, हे सांगितलं होतं का? होतं. मग तेव्हा खोटं बोललात का?

"न्हाय. तवा खरंच वाटत हुतं. लोकं येत हुती, इचारत हुती, आपापलं सांगत हुती. मीबी सांगत गेले. सांगता सांगता तसंच दिसाया लागलं."

कुणी धमकावलं का, आमिष दाखवलं का, हेही त्यानं विचारलं. ती नाही म्हणाली. साहेब वयस्कर होते. त्यांनी पेन खाली ठेवून तिला शांतपणे विचारलं, "बाई, म्हणजे आता तुम्हाला आठवत नाही, असंच ना?"

तसं नव्हतं. तिला आठवत होतं, जरुरीपेक्षा जास्त आठवत होतं. पण ते कसं सांगायचं, ते तिला सुचेना. ती म्हणाली, तसंच लिवा साहेब. साहेबांनी तसंच लिहून घ्यायला सांगितलं.

बाहेर आली तेव्हा सर्जेराव आवारात नव्हते. ते आधीच्या गाडीनं निघून गेले होते. सरुबाई एकटीच स्टँडवर जाऊन बसली. थोड्या वेळानं भिमा आला. सहा वर्षांत पहिल्यांदा तो तिच्या बाकावर बसला, मधे एका माणसाची जागा सोडून. त्यानं आभार मानले नाहीत. तिला ते बरं वाटलं.

"आता निकाल काय लागायचा त्यो लागू दे," ती म्हणाली. "तू हुतास का रं?"

भिमा बराच वेळ हातांवरची विटांची माती खरवडत राहिला.

"आक्का, खरं सांगू? मला त्यातलं काय आठवत न्हाय. सलग दोन दिस गाडीवर हुतो. कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लावलेला आठवतो, अन् रातच्याला च्या प्यायलो ते. मधलं न्हायच. रोज त्योच रस्ता, तीच खेप. त्यातली एक संध्याकाळ कशाला ध्यानात राहतीय? वकिलानं सांगितलं, नव्हतो म्हण. मी म्हणत आलो. आता मलाबी नव्हतोच असं वाटतंय." तो थांबला. "पण खात्री न्हाय. ट्रॉलीला धक्के तर रोजच बसत्यात."

त्याच्यावर रागवावं का त्याची कीव करावी, हे सरुबाईला ठरवता येईना. गाडी लागली तसे दोघे चढले. निमगाव सोडल्यावर तिला झोप लागली. भवानीनगर आलं तेव्हा भिमानंच पुढं होऊन कंडक्टरला गाडी थांबवायला सांगितलं.

एप्रिलात निकाल लागला. पुराव्याअभावी भिमा सुटला. पुढं तो कुणाच्या तरी मळ्यात सालगडी म्हणून राहिला, असं ऐकू आलं. ट्रॅक्टरवर तो पुन्हा बसला नाही. बसू दिलं नाही का त्यालाच बसवेना, ते कळलं नाही.

वस्तीवर बायका म्हणू लागल्या की सरुबाई फिरली. कुणी म्हणालं तिला पैसे देऊन गाठलं, कुणी म्हणालं ती म्हातारी झाली, डोकं चालत नाही. ती खोडून काढायला गेली नाही. एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून काय होतं ते तिनं पाहिलं होतं. सर्जेराव रस्त्यात दिसले तर नजर दुसरीकडं वळवायचे. संक्रांतीला त्यांच्याकडून तिळगूळ आला नाही. तिनं पाठवलेला परतही आला नाही, एवढंच. तात्याबा एकदा म्हणाला, गप्प बसून होय म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं? थोड्या वेळानं तोच म्हणाला, जाऊ दे.

वर्ष गेलं. अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये एका दुपारी सुप्रिया आली. सरुबाई पडवीत शेंगा फोडत बसली होती. सुप्रिया समोर बसली आणि मूठभर शेंगा पुढं ओढून फोडू लागली. सर्जेरावांना ती आबा म्हणायची; आबा बारामतीला गेलेत, संध्याकाळी येतील, एवढं तिनं सांगितलं. कोर्टाचा विषय तिनं काढला नाही. तिला दुसरंच काही पाहिजे होतं, आणि ते विचारायला तिला वेळ लागला.

"मावशी, आईला आठवायला गेले की मला त्यो भिंतीवरचा फोटोच दिसतो. बाकी काय येतच न्हाय. घरात आईचा विषय निघाला की नुसता ट्रॅक्टर निघायचा. ती हसायची कशी, ते तरी सांग."

सरुबाईचे हात थांबले. सहा वर्षं ती शकुबाईबद्दल बोलत आली होती आणि त्यात शकुबाई दर वेळी रस्त्यावर पडलेलीच होती. त्याच्या आधीच्या दिवसांकडं जायची वाट मोडली होती. ती शोधत राहिली. सुप्रिया घाई न करता शेंगा फोडत होती.

"हसाया लागली की खाली बसायची," सरुबाई शेवटी म्हणाली. "असंल तितं. उभ्यानं हसताच यायचं न्हाय तिला. एकदा भवानीनगरच्या बाजारात भर गर्दीत फतकल मारून बसली हुती. बांगड्यावाल्याच्या दुकानापुढं. लोकं बाजूनं निघाली. मी धरून उठवती, तर ती मलाच खाली वढती. हे मी सोता बघितलंय."

सुप्रियाच्या तोंडावर हसू आलं आणि तिनं चेहरा ओढणीत धरला. मग तिनं विचारलं, "कशाला हसली हुती गं एवढी?"

सरुबाईनं आठवून बघितलं. बांगड्यावाला काहीतरी बोलला असेल. भाव करताना काही झालं असेल. एक चांगलं कारण तिच्या जिभेवर आलंसुद्धा, आणि पोरीला ते आवडलं असतं.

"ते न्हाय आठवत," ती म्हणाली.

सुप्रियानं मान हलवली. दोघींनी मिळून उरलेल्या शेंगा फोडल्या, टरफलं शेळीपुढं टाकली. पाचच्या सुमाराला सुप्रिया उठली, आबा यायच्या आत घरी जायला पाहिजे म्हणाली, आणि पुढच्या आठवड्यात येऊ का, असं विचारून गेली.